शौकिनांची निष्ठा आणि मालकांचा हिशेब

व्हिडिओ गेमच्या शौकिनांमध्ये गेली पस्तीस वर्षे एक युद्ध अव्याहत चालू आहे. १९९० च्या सुमारास ते सेगा आणि निन्टेन्डो या दोन जपानी कंपन्यांच्या नावाने लढले जात होते. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनविण्याचा धंदा सोडला, आणि तेव्हापासून सोनी व मायक्रोसॉफ्ट यांचे झेंडे पुढे आले. कोणाचे यंत्र अधिक वेगवान, कोणाच्या गोटात अधिक चांगले खेळ, कोणाचा खप अधिक, यावर तरुण मंडळी रात्र-रात्र वाद घालतात. प्रतिस्पर्धी कंपनीचा खप घसरला की त्यांना पेढे वाटावेसे वाटतात. कारखान्यातील कामगार आपल्या मालकाच्या नफ्यासाठी इतका भावविवश झालेला क्वचितच कोणी पाहिला असेल. येथे तर ही मंडळी त्या मालकाच्या पगारपत्रकावरही नाहीत. पदरचे पैसे मोजून त्यांनी ही चाकरी पत्करलेली आहे.

चळवळीतील अनेक जुन्याजाणत्यांना हा सारा पोरखेळ वाटतो. धान्याचे भाव आणि गिरणीच्या जमिनी हे खरे प्रश्न. श्रीमंतांच्या पोरांच्या खेळण्यांची चर्चा कशाला, असे ते विचारतात. हा आक्षेप वरवर रास्त दिसतो, पण टिकत नाही. ज्या धंद्यातील एक कंपनी विकत घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरांचा सौदा जाहीर केला, तो धंदा खेळण्यांचा राहिलेला नाही. शिवाय नव्वदच्या दशकात महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत ‘टीव्ही गेम’ या नावाने चिनी-तैवानी नकला पोहोचल्या होत्या, आणि एकेक कॅसेट गल्लीतल्या दहा घरांतून फिरत होती, ती काही श्रीमंतांची वस्ती नव्हती.

शौकिनाचे सर्वांत लाडके मत असे की, कंपन्यांची आपसांत स्पर्धा असते आणि त्या स्पर्धेत खेळणाऱ्याचे कल्याण असते. या मताची जरा नीट तपासणी केली पाहिजे. कन्सोल हे यंत्र पुष्कळदा उत्पादनखर्चाइतक्या किंवा त्याहूनही कमी किमतीला विकले जाते. हे औदार्य नव्हे. त्या यंत्रावर चालणारा प्रत्येक खेळ यंत्राच्या मालकाच्या परवानगीने आणि त्याला वाटा देऊनच विकावा लागतो. कंपनीच्या डिजिटल दुकानात हा वाटा सर्वसाधारणपणे तीस टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे ग्राहकाला विकले जाते ते यंत्र नसून जकातनाका आहे, आणि तो त्याच्याच दिवाणखान्यात, त्याच्याच विजेवर चालतो.

ही व्यवस्था निन्टेन्डोने १९८५ नंतर अमेरिकेत पक्की केली. तिने आपल्या यंत्रात आणि कॅसेटमध्ये कुलपासारखी एक चिप बसविली. कंपनीच्या संमतीविना बनविलेली कॅसेट त्यात चालेना. खेळ बनविणाऱ्या इतर कंपन्यांना वर्षाला पाचच खेळ काढण्याची मर्यादा घातली गेली, तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न देण्याची अट घातली गेली, आणि कॅसेटीही निन्टेन्डोकडूनच करवून घ्यावयाच्या असे ठरले. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा करारनामा एकदा वाचावा. दुकानदारांकडून किमती बांधून घेतल्याच्या आरोपावरून १९९१ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाशी आणि राज्यांशी कंपनीची तडजोड झाली, तेव्हा ग्राहकांना भरपाई काय मिळाली? पाच डॉलरांची सवलत-चिठ्ठी. आणि ती वापरायची कोठे, तर निन्टेन्डोचीच आणखी एक कॅसेट घेताना! सावकाराने दंड म्हणून कुळाला नवे कर्ज थोड्या सवलतीत द्यावे, तसाच हा न्याय.

स्पर्धेच्या पुराव्यादाखल शौकीन २०१३ सालाचे उदाहरण हमखास देतो. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी जाचक अटी जाहीर केल्या. यंत्र दिवसातून एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागेल, वापरलेली डिस्क दुसऱ्यास देण्यावर बंधने येतील, अशा त्या अटी होत्या. सोनीने व्यासपीठावरून त्यांची टर उडविली. डिस्क मित्राच्या हातात द्यावी, एवढीच आपल्याकडची पद्धत, असे दाखविणारी छोटी चित्रफीतही तिने प्रसृत केली. सभागृह टाळ्यांनी दणाणले आणि मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. एवढा भाग खरा आहे. पण त्याच कार्यक्रमात सोनीने आणखी एक गोष्ट जाहीर केली होती, ती या कथेतून गळते. मागील यंत्रावर फुकट असलेले इंटरनेटवरील सामूहिक खेळणे नव्या यंत्रावर वर्गणी भरल्याशिवाय मिळणार नव्हते. मायक्रोसॉफ्ट हे शुल्क आधीपासून घेतच होती. २०१८ मध्ये निन्टेन्डोनेही ते सुरू केले. आणि डिस्कचे काय झाले? २०२० मध्ये सोनीने डिस्कची खाचच नसलेले प्लेस्टेशन बाजारात आणले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सातशे डॉलरांचे तिचे सर्वांत महागडे यंत्र आले, त्यातही खाच नव्हती. २०१३ मध्ये ज्या गोष्टीला टाळ्या मिळाल्या, ती अकरा वर्षांत वेगळे पैसे मोजून जोडून घ्यावयाची वस्तू झाली.

किमतीची कथा याहून बोलकी आहे. यंत्र जुने झाले की स्वस्त होते, हा या धंद्याचा जुना रिवाज. २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरांना आलेले दुसरे प्लेस्टेशन २००९ मध्ये ९९ डॉलरांना मिळू लागले. आता गंगा उलटी वाहते आहे. २०२० मध्ये ४९९ डॉलरांना आलेले एक्सबॉक्स ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६४९ डॉलरांवर गेले. पाच वर्षे जुन्या प्लेस्टेशनची किंमतही ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास डॉलरांनी वाढली. एक कंपनी भाव वाढविते, दुसरी मागोमाग वाढविते. गिरणीमालकांच्या संघाला भाव ठरविण्यासाठी निदान एकत्र बसावे तरी लागत असे.

‘पटत नसेल तर विकत घेऊ नये’ हे शौकिनाचे आणखी एक ब्रीद. परंतु विकत घेणे म्हणजे नेमके काय, हाच आता प्रश्न आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ विकला. ३१ मार्च २०२४ रोजी तिने आपले सर्व्हर बंद केले आणि पूर्ण किंमत देऊन घेतलेला तो खेळ एका दिवसात निरुपयोगी झाला, कपाटातील डिस्क जागच्या जागी असूनही. ज्याला विक्री म्हटले जात होते ती वस्तुतः मुदत न सांगता दिलेली भाडेचिठ्ठी होती. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून दुकानदारांना एवढेच सांगावयास भाग पाडले की, ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ परवाना मिळतो, हे विक्रीच्या वेळी स्पष्ट लिहावे. मालकी परत मिळाली नाही. ती गेल्याची पावती तेवढी मिळाली.

तथापि या ठिकाणी शौकिनाच्या पदरात त्याचे श्रेय टाकले पाहिजे. याच प्रकरणातून युरोपात खेळणाऱ्यांनी नागरिकांचा अर्ज उभारला, आणि जुलै २०२५ पर्यंत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. बंद केलेला खेळ निदान खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा, एवढीच त्यांची मागणी. सोनीवाले आणि मायक्रोसॉफ्टवाले असा भेद त्या सह्यांत कोणी केला नाही.

शौकिनाची दृष्टी सर्वांत अधू होते ती खेळ बनविणाऱ्यांच्या बाबतीत. खेळ फसला की तो बनविणाऱ्यांना आळशी म्हणतो, कंपनीचे धोरण त्याला दिसत नाही. या धंद्याचा इतिहास मात्र पहिल्यापासून मजुरीच्या भांडणाचा आहे. १९७९ मध्ये अटारी कंपनीचे चार प्रोग्रामर आपल्या खेळांच्या विक्रीतील वाटा आणि खेळावर आपले नाव मागावयास गेले. जुळणीच्या साखळीवर कॅसेट जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुमची मातबरी अधिक नाही, अशा अर्थाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी पुढे सांगितले. त्या उत्तरात अपमान होता, पण एक सत्यही होते. दोघेही वेतनावर राबणारेच होते. प्रोग्रामरांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की, बाहेर पडून स्वतःची कंपनी काढावी. तिचे नाव अ‍ॅक्टिव्हिजन. आणि साखळीवरच्या कामगाराचे काय झाले? १९८३ मध्ये अटारीने उत्पादन हाँगकाँग व तैवानला हलविण्याचे ठरविले आणि कॅलिफोर्नियातील सुमारे १,७०० जणांना घरी बसविले.

अपमानातून जन्मलेली ती अ‍ॅक्टिव्हिजन पुढे अनेक हातांतून गेली, अवाढव्य झाली, आणि जुलै २०२१ मध्ये तिच्यावरच स्त्री-कर्मचाऱ्यांचा छळ आणि वेतनातील भेदभाव यांबद्दल कॅलिफोर्निया राज्याने खटला भरला. कर्मचारी काम सोडून बाहेर आले. तिच्या विस्कॉन्सिनमधील एका शाखेत खेळातील दोष शोधणाऱ्या तपासनिसांनी आधी संप केला आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन स्थापन केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सौदा पुरा झाला. जानेवारी २०२४ मध्ये तिने आपल्या खेळ-विभागातील १,९०० जणांना काढले. मायक्रोसॉफ्ट जिंकली म्हणून ज्यांनी त्या ऑक्टोबरात जल्लोष केला, त्यांनी त्या जानेवारीत कोणाचे अभिनंदन केले असेल?

यंत्रे जोडणारे हात तर या वादात कोठेच नसतात. जानेवारी २०१२ मध्ये चीनमधील वूहान येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात एक्सबॉक्स जोडणारे कामगार इमारतीच्या छपरावर चढले आणि मागण्यांसाठी सामुदायिक आत्महत्येचा इशारा देऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी त्याच फॉक्सकॉनच्या यंताई येथील कारखान्यात विद्यार्थ्यांना ‘प्रशिक्षणा’च्या नावाखाली प्लेस्टेशनच्या जुळणीवर रात्रपाळीत राबविल्याचे उघड झाले, आणि नियमभंग झाल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. निष्ठावंतांच्या दोन्ही छावण्यांची दैवते एकाच ठेकेदाराच्या छपराखाली घडविली जात होती.

आणि हे सारे दूर परदेशातच घडते असेही नाही. यूबीसॉफ्टचे एक कार्यालय २००८ पासून पुण्यात आहे, दुसरे २०१८ मध्ये मुंबईत उघडले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या मालिकेतील २००३ च्या खेळाचे नवे रूप तयार करण्याचे काम या दोन कार्यालयांकडे सोपविल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिली झलक दिसताच जगभरातील शौकिनांनी चित्रांच्या दर्जावरून हेटाळणी सुरू केली, आणि त्या हेटाळणीत ‘भारतीय काम’ या शब्दांना जो वास होता, तो कोणालाही ओळखू येण्याजोगा होता. किती माणसे दिली, किती मुदत दिली, किती पैसे दिले, हे विचारण्याचे भान फार थोड्यांना राहिले. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला नेण्यात आले. तेथेही ते पुरे झाले नाही; जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळच रद्द केला. म्हणजे दोष पुण्या-मुंबईच्या पोरांच्या हातात होता, हे म्हणणे माँट्रियलनेच खोटे पाडले. त्यांची माफी मात्र कोणी मागितल्याचे दिसत नाही.

या तरुणांना स्वतःला कामगार म्हणवून घेण्याचा संकोच वाटतो, अशी तक्रार ऐकू येते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी बँकेतल्या कारकुनाबद्दलही हेच बोलले जात होते. बंगळुरूत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी २०१७ मध्ये आपली संघटना नोंदविली. पुण्यातही अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कामगार खात्याच्या दारापर्यंत जाऊ लागल्या आहेत. खेळ बनविणाऱ्या कार्यालयांपर्यंत पत्रक घेऊन कोणी जावयाचे, हे पुणे आणि मुंबईच्या शाखांनी ठरवावयाचे आहे. जाणाऱ्याने मात्र आधी एखादा खेळ खेळून पाहावा. पोरखेळ म्हणून हिणविणाऱ्याचे पत्रक तेथे कोणी हातात घेणार नाही.