फियाटचा पंप आणि मामूंचा ओला फडका

मामूंच्या अंगणात एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची. मामू तिला आजही फियाटच म्हणतात. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, पण आमच्या सवमध्ये ही बाई अजून ठणठणीत आहे.

तिची एकच खोड. उन्हाळ्यात पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढायला लागलो की मध्येच दम टाकायची. मामू शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, बाटलीतल्या पाण्याने फडका भिजवून पेट्रोलच्या पंपावर ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटांनी बिस्मिल्लाह म्हणून चावी फिरवली की गाडी सुरू! लहानपणी आम्हाला वाटायचे, मामू फडक्यावर काहीतरी पढून फुंकतात.

कारण साधे आहे. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि इंजिनाच्याच जोरावर चालतो. टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे तो पेट्रोल लांबून ओढून आणतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव लवकर उकळतो, हे आपण नववी-दहावीत शिकलेलो असतो. त्यात इंजिनाची धग. नळीत पेट्रोलची वाफ होते, बुडबुडे अडकतात आणि पंप नुसती वाफ ढवळत बसतो. ओल्या फडक्याने पंप गार झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

माझ्या मामेभावाने आयटीआय केले आहे. मोबाईलवर त्याने पाहिले की जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणारे शौकीन लोक इंजिनावरचा पंप काढून विजेवर चालणारा पंप बसवतात. विचार बरोबरच होता. विजेचा पंप मागे टाकीजवळ बसतो. तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो. नळीत दाब राहिला की वाफ सहजी होत नाही. त्याने भंगारातून एक पंप आणला आणि एका रविवारी बसवूनही टाकला.

संध्याकाळी गाडी सुरू केली. काळा धूर निघाला, इंजिन गुदमरायला लागले. मामी नातवाला कडेवर घेऊन ओट्यावर आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आधी बंद कर ती! पेट्रोलचा वास येतोय." बॉनेट उघडले तर कार्बोरेटर भरून वाहत होता आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत होते. एक ठिणगी पुरली असती. दुसऱ्या दिवशी याच गाडीत बसून सगळी बच्चेकंपनी महाबळेश्वरला निघणार होती.

बाप-लेकात जुंपली. मामू म्हणाले, "कंपनीने दिलेला पंप परत लाव. तीस वर्षे चालला ना?" भाऊ म्हणाला, "अब्बा, फडक्यावर अजून किती दिवस काढायचे?" शेवटी मास्तर म्हणून निवाडा माझ्याकडे आला. सहल पुढे ढकलली आणि आम्ही दोघे शोधायला बसलो.

चूक दाबात होती. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो, तसाच कार्बोरेटरमध्ये एक तरंगता फ्लोट आणि सुईसारखी झडप असते. पेट्रोल पुरेसे भरले की सुई वाट बंद करते. ही नाजूक सुई साधारण 3 ते 4 पीएसआय दाब थोपवू शकते. भावाने आणलेला पंप होता इंजेक्शनच्या गाडीचा. तो 3 बार म्हणजे सुमारे 43 पीएसआय दाब देतो. आपल्या गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो ती साधारण 28-30 पीएसआयची. टायरपेक्षाही जास्त जोर त्या बिचाऱ्या सुईवर!

म्हणून दोन गोष्टी केल्या. कार्बोरेटरच्या गाडीसाठीचा कमी दाबाचा पंप मागवला आणि सोबत प्रेशर रेग्युलेटर. रेग्युलेटरच्या पोटात पडदा आणि स्प्रिंग असते. जास्तीचा दाब तो पुढे जाऊ देत नाही. आम्ही घेतलेल्या रेग्युलेटरला परतीची नळी आहे. उरलेले पेट्रोल टाकीत परत जाते, त्यामुळे नळीत ते साचून तापत नाही.

पंप टाकीजवळ खालच्या बाजूला, सायलेन्सरपासून दूर, रबरावर बसवला. त्याच्या आधी फिल्टर. रेग्युलेटर पुढे कार्बोरेटरजवळ, पण गरम भागापासून लांब. जुन्या पंपाची जागा पॅकिंग लावून पत्र्याने पक्की बंद केली, नाहीतर तिथून ऑइल गळते. नळ्या सगळ्या नव्या घातल्या, कारण आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने फुगते, तडकते. मग दाबाचा मीटर लावून रेग्युलेटरचा स्क्रू 3 पीएसआयवर आणला. इंजिन सुरू न करता आधी नुसता पंप चालवून प्रत्येक जोडावर हात फिरवला. शेजारी वाळूची बादली भरून ठेवली होती.

काम संपले असे वाटले, तेव्हा मामूंनी खरा प्रश्न विचारला. "जुना पंप इंजिन बंद पडले की आपोआप थांबायचा. हा चावीवर चालतो. उद्या घाटात गाडी उलटली, नळी तुटली आणि चावी तशीच राहिली तर?"

भाऊ गप्प. मीही गप्प. तो पंप पेट्रोल ओतत राहिला असता, बेशुद्ध पडलेल्या माणसांच्या अंगाखाली.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. पंपाची वायर फ्यूज आणि रिलेमधून घ्यायची आणि मध्ये ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच टाकायचा. इंजिन थांबले की ऑइलचा दाब उतरतो आणि पंपाची वीज तुटते. सुरू करताना मात्र स्टार्टर फिरतो तेवढ्यापुरती वीज मिळते. जोराचा धक्का बसताच वीज तोडणारा वेगळा स्विचही मिळतो. आम्ही दोन्ही लावले. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचे, हे आपण मुलांना मक्तबमध्ये शिकवतो. ते गाडीलाही लागू आहे, एवढे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या रविवारी आंबेनळी चढलो. भर दुपार, गाडी भरलेली. एकदाही थांबावे लागले नाही, अल्हमदुलिल्लाह. मामू सगळ्या वाटेत मागच्या पंपाची घरघर ऐकत बसले होते.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि तरुण मुलगा तिच्यावर हात चालवत असेल, तर त्याला रोखू नका. पण त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. दाब किती? तो आवरतो कोण? आणि इंजिन थांबल्यावर पंप थांबतो का? उत्तर देता आले नाही, तर मुलांना त्या गाडीत बसवू नका. आणि गाडीत पेट्रोलचा वास आला तर "जुनी गाडी आहे, येणारच" असे म्हणू नका. त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन शिकलेले पुरुष बॉनेटजवळ उभे होते, आणि वास आला तो ओट्यावरच्या मामींना.

ओला फडका मामूंनी अजून डिकीतच ठेवला आहे. भावाने विचारले, तर म्हणाले, "काच पुसायला."