स्नेहाची वांटणी

आजोबांच्या पश्चात् घर, शेत, भांडींकुंडीं यांची वांटणी होते. त्यांनीं जन्मभर जोडलेल्या माणसांची मात्र कोणास आठवणही राहत नाहीं.

कवि कुसुमाग्रज, म्हणजे नाशिककरांचे तात्यासाहेब, उतारवयांत साऱ्या गांवाचे आजोबाच झाले होते. १९१२ सालीं जन्मले पुण्यास. पण त्यांचीं पाळेंमुळें रुजलीं तीं पिंपळगांव बसवंत व नाशिक येथें. १९४२ सालीं त्यांची ‘विशाखा’ वि. स. खांडेकरांनीं स्वखर्चानें प्रसिद्ध केली. स्नेह म्हणतात तो हाच. १९५० मध्यें तात्यासाहेबांनीं नाशकांत लोकहितवादी मंडळ स्थापिलें. १९८७ चें ज्ञानपीठ मिळालें, तरी त्यांनीं नाशिक सोडलें नाहीं. १० मार्च १९९९ रोजीं देह ठेवला तोही तेथेंच. पुढें २००९ पासून त्यांच्या नांवाच्या प्रतिष्ठाननें ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेंतून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या दारीं नेल्या. त्यांचा लोभ असा त्यांच्यामागेंही वाढला.

आपल्या आजोबांचे जे स्नेही हयात असतील, त्यांस पुण्यतिथीस अगत्यानें बोलवावें. मुलांस त्यांच्याजवळ बसवून आजोबांच्या तरुणपणच्या गोष्टी ऐकूं द्याव्या. या वांटणींत कोणाचाच हिस्सा कमी होत नाहीं.