कपाटातला जुना फोन

घरोघरी कपाटात एखादा जुना स्मार्टफोन पडून असतो. पडदा शाबूत, बॅटरी बरी, पण कंपनीने अपडेट देणे थांबवलेले. नवी ॲप त्यावर चालेनाशी झाली की आपण दुसरा फोन घेतो. हे खटकायला हवे, कारण त्या फोनमधली अँड्रॉइड प्रणाली मुळात खुली आहे.

तिचा गाभा लिनक्सचा. त्याच्या परवान्यानुसार गाभ्यात केलेले बदल फोन विकणाऱ्याला खुले ठेवावेच लागतात. वरचा बहुतेक भाग अपाची परवान्याखाली येतो: कोणीही घ्यावा, बदलावा, आपले बदल उघड करण्याची सक्ती नाही. फोन कंपन्यांना हीच मोकळीक भावली. 2008 साली एचटीसीचा पहिला अँड्रॉइड फोन आला आणि पुढे स्वस्तातल्या स्वस्त फोनपर्यंत ही प्रणाली पोचली. गूगलचे प्ले स्टोअर मात्र खुले नाही, हे विसरू नये.

अँड्रॉइडच्या याच खुलेपणावर 2009मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी सायनोजेनमॉड ही तिची बदललेली आवृत्ती उभी केली. 2016च्या डिसेंबरात त्यामागच्या कंपनीने अंग काढून घेतले, तेव्हा स्वयंसेवकांनी तोच कोड उचलला आणि नाव दिले लिनिएजओएस. कंपनी गेली, काम टिकले. मला सगळ्यात मोलाचे वाटते ते हेच.

म्हणून फोन भंगारात देण्याआधी त्याचे मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत आहे का, एवढे जरूर पाहा. असेल तर ती प्रणाली जुन्या फोनवर बसवता येते. त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, उघडावा लागतो आणि तो उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते. फोटो आधी काढून ठेवा.