ताटांतलें गणित

गणित हा विषय रूक्ष असून परीक्षेपलीकडे संसारांत त्याचा फारसा उपयोग नाहीं, अशी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत दिसते. आणि पालकांपैकींही कित्येकांचें मत याहून फार निराळें नसावें. ही समजूत दूर करण्याकरितां पूल, आगबोटी, आकाशांतील ग्रह यांचे दाखले देण्याची चाल आहे. ते दाखले खरे आहेत, पण दूरचे आहेत. आम्ही आज जो दाखला घेणार आहों तो घरांतला, किंबहुना ताटांतला आहे. मनुष्य बाजारांत गेला असतां एक जिन्नस कां घेतो व दुसरा कां सोडतो, या प्रश्नावर दीडशेंहून अधिक वर्षें विद्वानांनीं गणित चालविलें आहे. आणि त्यांतील एक महत्त्वाचें गणित तर आपल्या महाराष्ट्राच्याच खेड्यांतील हिशेबांवर झालेलें आहे.

हा विषय आम्हांस कां सुचला तें आधीं सांगतों. वेंगुर्ल्याच्या मासळी-बाजारांत उभें राहिलें असतां सुशिक्षित मंडळींच्या तोंडून एक उद्गार वारंवार कानीं पडतो. अंगमेहनतीचें काम करणारी एखादी बाई तारली-बांगडा सोडून इसवणाच्या तुकड्यांपाशीं थांबली, कीं लगेच कोणी तरी म्हणतो, "पाहा, मजुरी जरा वाढली कीं यांची जीभ वाढते! चार पैसे मागें टाकणें यांना ठाऊकच नाहीं." खोटें कशाला बोलावें, हा उद्गार आम्हीं स्वतःही काढलेला आहे. तो न्याय्य आहे कीं नाहीं याचा निकाल नुसत्या मतानें लागणार नाहीं. त्याला हिशेब पाहिला पाहिजे.

असा हिशेब पद्धतशीरपणें मांडणारा पहिला नांवाजलेला मनुष्य म्हणजे जर्मनींतील सॅक्सनीचा सांख्यिकी अधिकारी अर्न्स्ट एंगेल. बेल्जममधील कामकरी कुटुंबांचे जमाखर्च तपासून त्यानें १८५७ सालीं असा नियम सांगितला, कीं कुटुंब जितकें गरीब तितका त्याच्या एकंदर खर्चांत अन्नाचा हिस्सा मोठा. आमच्याकडे मुंबई सरकारच्या कामगार कचेरीनें १९२१-२२ सालीं मुंबईच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले व १९२३ सालीं त्यांचा अहवाल छापला. त्यांतही खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग पोटालाच जात असल्याचें दिसलें. आणि वाचणाराला चटका लावणारी गोष्ट अशी, कीं तुरुंगाच्या नियमावलींत कैद्याला जेवढा आहार लिहिलेला होता, तेवढाही या कष्टकऱ्याच्या वांट्यास येत नव्हता. त्या वेळीं मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याचीं माणसें फार मोठ्या संख्येनें होतीं, आणि १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होईपर्यंत वेंगुर्लें त्याच जिल्ह्यांत मोडत असे. तेव्हां त्या अहवालांतले आंकडे वाचतांना आपण आपल्याच आजोबा-पणजोबांच्या चुलीपाशीं बसलों आहों असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां जरा समुद्रापलीकडची, पण मोठी गमतीची हकीकत ऐका. अमेरिकेंत जॉर्ज स्टिग्लर नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं असा प्रश्न घातला: शरीराला आवश्यक तीं सर्व पोषकद्रव्यें मिळून वर्षाचा खर्च कमींत कमी किती येईल? त्यानें ७७ खाद्यपदार्थ घेतले. उष्मांक, प्रथिनें, चुना, लोह, निरनिराळीं जीवनसत्त्वें अशा ९ गोष्टींची किमान मर्यादा ठरविली. तुम्ही शाळेंत दोन समीकरणें व दोन अज्ञात संख्या सोडवितां, आणि तेवढ्यानें तुमच्या कपाळाला आंठ्या पडतात. येथें अटी ९ व अज्ञातें ७७! त्या काळीं असलें गणित नेमकें सोडविण्याची रीतच ठाऊक नव्हती. स्टिग्लरनें चतुराईनें व अदमासानें उत्तर काढलें: १९३९ च्या भावानें वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट. पुढें १९४७ सालीं जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञानें असलीं गणितें पायरीपायरीनें सोडविण्याची रीत शोधून काढली. तिची परीक्षा घेण्याकरितां हेंच गणित निवडण्यांत आलें. ९ कारकून हातानें चालविण्याचीं आंकडेमोडीचीं यंत्रें घेऊन बसले, आणि सगळी मेहनत एकत्र मोजली तर ती एका माणसाच्या १२० दिवसांची भरली. उत्तर आलें ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अदमास वर्षाच्या खर्चांत अवघ्या २४ सेंटांनीं चुकला होता!

हा झाला बुद्धीचा विजय. पण त्या स्टिग्लरच्या ताटांत होतें काय? वर्षभरांत सुमारें १६८ किलो गव्हाचें पीठ, १२९ किलो वाळलेल्या शेंगदाण्या-वालांसारख्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे, ५० किलो कोबी, १० किलो पालक आणि आटविलेल्या दुधाचे ५७ डबे. बस्स! मीठमसाला नाहीं, फळ नाहीं, मासळी नाहीं. स्टिग्लरनें स्वतःच बजावलें आहे कीं हा आहार कोणीही कोणास सुचवूं नये. डँट्झिगनें पुढें स्वतःचें वजन उतरविण्यासाठीं यंत्राकडून आपला आहार ठरवून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां यंत्रानें त्याला एकदां शेंकडों गॅलन व्हिनेगर पिण्याची शिफारस केली. आमच्या वेंगुर्ल्यापुरता असा हिशेब मांडला, तर तो नाचणी, कुळीथ, एखादी पालेभाजी आणि जाळ्यांत भरपूर येऊन स्वस्त झालेली तारली एवढ्यावरच थांबेल असा आमचा अदमास आहे. सोलांची कढी त्यांत बसणार नाहीं. नारळ बसेल कीं नाहीं, शंकाच आहे. आणि गणपतीच्या दिवशींही यंत्र नाचणीच वाढील.

मग गणित चुकलें काय? गणित चुकलें नाहीं; प्रश्नच अपुरा विचारला गेला. माणसानें काय खावें हा एक प्रश्न, आणि माणसें काय खातात व कां खातात हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला बाजारांत उभें राहून, घरोघर जाऊन, खरे जमाखर्च लिहून आणावे लागतात. या दुसऱ्या वाटेनें आपल्याकडे पुष्कळ काम झालें आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनीं १९७१ सालीं भारतांतील दारिद्र्यावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यांत माणशीं रोज २२५० उष्मांक ही मर्यादा धरली. परंतु तेवढे उष्मांक स्वस्तांत स्वस्त कसे मिळतील हें न पाहतां, तेवढे उष्मांक मिळविणारीं कुटुंबें प्रत्यक्षांत किती खर्च करतात हें त्यांनीं पाहिलें. १९६०-६१ च्या भावानें खेड्यांत दरडोई दरमहा १५ रुपये व शहरांत २२ रुपये ५० पैसे असा तो आंकडा त्यांनीं धरला. उष्मांक तेवढेच, मग शहरांत दीडपट खर्च कां? कारण शहरवासी तेवढेंच पोट अधिक महाग जिनसांनीं भरतो. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले थोर सांख्यिक पां. वा. सुखात्मे यांनीं या मोजणीवर आक्षेप घेतला. माणसामाणसाची गरज निराळी असते, एकाच माणसाचीही रोज सारखी नसते. तेव्हां सरासरीच्या खालीं दिसला तो प्रत्येक जण उपाशी असें म्हणणें बरोबर नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. हा वाद पुष्कळ दिवस चालला, व कोट्यवधि लोकांना गरीब म्हणावयाचें कीं नाहीं हें त्याच्यावर अवलंबून होतें. सरासरी म्हणजे काय, हा तुमच्या पुस्तकांतला धडा किती लोकांच्या ताटापर्यंत पोंचतो तें यावरून ध्यानांत यावें.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. शंकर सुब्रमणियन व अँगस डीटन या दोघांनीं १९९६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या लोकांनीं १९८३ सालीं ग्रामीण महाराष्ट्रांतील साडेपांच हजारांहून अधिक कुटुंबांचे जमाखर्च लिहून आणले होते. तेच त्यांनीं गणितासाठीं घेतले. (डीटन यांस २०१५ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत अशा अभ्यासांचा वांटा मोठा आहे.) त्यांना आढळलें तें असें. एका कुटुंबाचा एकंदर खर्च दुसऱ्यापेक्षां शेंकडा १० नीं अधिक असेल, तर त्याचा अन्नावरचा खर्च शेंकडा सात-साडेसातांनीं अधिक असतो. परंतु पोटांत जाणारे उष्मांक शेंकडा तीन ते पांच एवढ्यानेंच अधिक असतात. मग उरलेले पैसे कोठें गेले? ते चवीला गेले. ज्वारी-बाजरीच्या जागीं गहूं-तांदूळ आला, दूध आलें, साखर आली, तेल आलें. तोच एक उष्मांक कुटुंबानें अधिक पैसे देऊन विकत घेतला.

ही गोष्ट श्रीमंतांपुरतीच असती तर तीत नवल नव्हतें. नवल हें, कीं अगदीं खालच्या थरांतील कुटुंबांतही ती दिसते; दोन वेळच्या अन्नाची पुरती भ्रांत फिटण्यापूर्वींच दिसते. हातांत आलेला नवा रुपया गरीब माणूस दोन वांटे करून खर्चतो: एक भुकेला, एक जिभेला. हे आंकडे आम्हीं प्रथम पाहिले तेव्हां आम्हांस त्या बाजारांतल्या बाईची आठवण झाली, आणि मान खालीं घालावी लागली. जी गोष्ट आम्ही तिचा दोष समजत होतों ती सर्व मनुष्यजातीची रीत निघाली. आम्ही स्वतः पगार वाढल्यावर उकड्या तांदळाची पेज दुप्पट पीत नाहीं. पेजेबरोबर काय घ्यावें याचाच विचार करतों. मग तिनेंच वाढलेल्या मजुरीची तारली दुप्पट खावी हा आग्रह कशासाठीं?

येथें कोणी म्हणेल, तर मग जिभेला मोकळें सोडावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांतील खेड्यांत खर्चाचा शेंकडा ४६ भाग अन्नावर जातो. २०११-१२ सालीं तो ५३ च्या घरांत होता. एंगेलच्या नियमाप्रमाणें ही सुधारणाच म्हणावयाची. पण त्याच पाहणींत धान्यावरील खर्च शेंकडा ५ च्या आंत उतरला आहे, आणि पेयें व तयार खाद्यपदार्थ यांवरचा साडेनऊच्या वर गेला आहे. म्हणजे भात-भाकरीपेक्षां पुडक्यांतल्या व बाटल्यांतल्या वस्तूंवर खेड्यांतला मनुष्य जवळजवळ दुप्पट खर्च करतो. मधल्या सुटींत शाळेबाहेरच्या दुकानाशीं कोण गर्दी करतें हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. इसवणाच्या तुकड्यापाशीं थांबलेल्या बाईस नांवें ठेवणारे आम्ही लोक, आपल्या मुलांच्या हातांतील पुडक्याचा हिशेब मात्र विचारीत नाहीं. इसवणांत निदान प्रथिनें तरी आहेत!

आमच्या या किनाऱ्यावर असा हिशेब मांडणें सोपें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. गणिताला किलो आणि रुपये लागतात. आमच्याकडे मासळी वांट्यानें विकली जाते. सकाळचा वांटा निराळा, संध्याकाळचा निराळा; ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या वांट्यांत दोन बांगडे वर पडतात ते कोणत्या रकान्यांत लिहावयाचे? परसांतला नारळ, घरचीं सोलें, वाड्यांतली भाजी, शेजाऱ्यानें दिलेला फणस यांना पैसे पडत नाहींत, पण तीं ताटांत असतातच. पाहणी करणारे अशा घरच्या वस्तूंची किंमत अदमासानें धरतात, आणि तसें न केलें तर कोंकणांतलें कुटुंब कागदावर आहे त्याहून गरीब दिसेल.

उलट एक सोय आमच्यापाशीं आहे, ती देशावर नाहीं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी कमी होते, भाव चढतो. त्या दोन महिन्यांत कोणतें घर सुक्या बांगड्याकडे वळतें, कोणतें अंड्यांकडे, कोणतें कुळथाच्या पिठीवर भागवितें आणि कोणतें कांहींही झालें तरी ताजेंच घेतें, हें लिहून ठेवलें, तर भाव वाढला असतां माणूस काय सोडतो व काय धरून ठेवतो याचें उत्तर घरबसल्या मिळेल. विद्वानांना ज्याच्यासाठीं मोठाल्या पाहण्या कराव्या लागतात तो प्रयोग येथें समुद्र आणि सरकार मिळून दरवर्षीं फुकट करून दाखवितात.

म्हणून आठवीपासून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आमची सूचना आहे, कीं येत्या जून-जुलैंत प्रत्येकानें एक वही घालावी. रकाने सहा: तारीख, जिन्नस, किती घेतला, किती पैसे पडले, विकतचा कीं घरचा, आणि शेवटचा रकाना, जो सरकारी पाहणींत नसतो, त्यांत घरांतील बाजार करणाऱ्या माणसाला विचारून लिहावें, कीं आज काय घ्यावयाचें मनांत होतें आणि तें कां घेतलें नाहीं. वांटा असेल तर मासे मोजून आंकडा लिहावा. वहीवर नांव घालूं नये. घरांत किती माणसें जेवतात एवढेंच लिहावें. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत, नौका पुन्हां समुद्रांत गेल्यावर, वह्या गणिताच्या शिक्षकांकडे द्याव्या. सरासरी काढण्याचें काम दहावीच्या वर्गाचें.