रविवार कोणाचा?

सुटीचा प्रश्न निघाला की आमच्या ख्रिस्ती समाजात जी जागृती दिसून येते, ती दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाने होत नाही, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 2014 साली 25 डिसेंबर हा दिवस ‘सुशासन दिन’ म्हणून पाळण्याचे केंद्र सरकारने ठरविले, तेव्हा नाताळच्या सणावर घाला आल्याची ओरड देशभर झाली. 2019 साली दादरा व नगर हवेलीच्या प्रशासनाने उत्तम शुक्रवारची सार्वजनिक सुटी ऐच्छिक सुट्यांच्या यादीत ढकलली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने ती सुटी पूर्ववत करविली. त्याच वर्षी लोकसभेच्या मतदानाची एक तारीख पवित्र सप्ताहातील गुरुवारी, म्हणजे 18 एप्रिलला आली, म्हणून तक्रारअर्ज झाले. या तक्रारी निराधार होत्या असे आमचे म्हणणे नाही. नाना धर्मांचे लोक ज्या देशात एकत्र नांदतात, तेथे लहान समाजाचा एखादा सण यादीतून गाळणे म्हणजे त्या समाजाला त्याची जागा दाखविणे होय, आणि त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांनी योग्य तेच केले.

आमचा वाद निराळा आहे. आपला विसावा कोणी हिरावून घेऊ लागला की ज्यांना धर्म आठवतो, त्यांना दुसऱ्याचा विसावा हिरावला जात असता तो आठवतो काय, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे. आणि या प्रश्नाचे खरे उत्तर शहरातील चर्चच्या आवारात मिळण्यासारखे नसल्याने आम्ही वाचकांस छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पिशोर या गावाकडे घेऊन जाऊ इच्छितो.

पिशोर हे कन्नड तालुक्यातील, अंजना नदीच्या खोऱ्यातील गाव. आसपासच्या डोंगरांत लहान लहान खेडी आणि तांडे विखुरलेले आहेत. कपाशी, मका, आले ही इकडची पिके. परंतु कोरडवाहू तुकड्यावर वर्षभर घर चालत नाही, तेव्हा पावसाळा सरला की अनेक कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडाची वाट धरतात. 2025 सालच्या मार्च महिन्यात, 9 तारखेचा रविवार संपून सोमवार उजाडण्यापूर्वीच्या रात्री, कन्नडहून पिशोरकडे येणारा उसाने भरलेला एक ट्रक पिशोरच्या घाटात उलटला. त्या उसावर मजूर बसलेले होते. ते उसाखाली गाडले गेले, आणि त्यांतील कित्येक पुन्हा उठले नाहीत. मृतांचा धर्म कोणता होता याची आम्ही चौकशी केली नाही, व करण्याची आवश्यकताही आम्हांस वाटत नाही. तो उपवासकालातील पहिला रविवार होता. आमच्या मंदिरांतून त्या सकाळी प्रभूच्या चाळीस दिवसांच्या उपवासावर प्रवचने झाली असतील. त्या मजुरांचा रविवार मात्र मध्यरात्रीपर्यंत संपलाच नव्हता.

अपघात हा अपघात. त्याला ड्रायव्हर, रस्ता, उतार अशी पुष्कळ कारणे असू शकतात, आणि त्यांचा तपास करणे हे पोलिसांचे काम. आमचे बोट निराळ्या गोष्टीकडे आहे. आठवड्यातील कोणत्याही दिवशी, दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही प्रहरी, माणसाला मालाच्या राशीवर बसवून नेणे हे ज्या व्यवसायात नित्याचे झाले आहे, त्या व्यवसायात विश्रांतीचा दिवस ही कल्पनाच अस्तित्वात नाही. पतिपत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि ती चार-सहा महिने ऊस तोडून फेडावयाची. मजुरी टनावर. पहाटे अंधार असता फडावर जावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, आणि वाहन जेव्हा येईल तेव्हा, मग ती अपरात्र का असेना, ते भरून द्यावयाचे. आजारपणाने वा बाळंतपणाने एक दिवस चुकला की त्याला ‘खाडा’ म्हणतात व त्याचे पैसे कापले जातात. दिवस मोडणे हा ज्या भाषेत अपराध ठरतो, त्या भाषेत रविवार या शब्दाला अर्थ तो काय उरणार?

यांतील विसंगती पाहण्यासारखी आहे. ज्या साखर कारखान्यासाठी हा ऊस तोडला जातो, त्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्या कामगाराला आठवड्याची सुटी आहे. 1891 च्या कारखाना कायद्याने ती तत्त्वतः मान्य झाली, 1948 च्या कायद्याने ती पक्की केली, आणि पुढे कायद्यांची नावे बदलली तरी ते तत्त्व कोणी सोडले नाही. परंतु फाटकाबाहेर, त्याच साखरेसाठी, त्याच हंगामात राबणाऱ्या मजुराला ते तत्त्व लागू पडत नाही. जणू काही उसाचे चिपाड होण्यापूर्वी माणसाला पाठ नसते!

हा भेद आजचा नव्हे. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ. स. 321 मध्ये रविवारच्या विसाव्याचा जो हुकूम काढला, त्यातही न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना विश्रांती देऊन शेतात राबणाऱ्यांस खुशाल काम करण्याची मोकळीक ठेविली होती. कारण काय, तर पेरणीचा आणि द्राक्षवेलींच्या लावणीचा हंगाम हातचा जाऊ नये! रविवारच्या सुटीचा हा पहिला कायदा. त्याचे गोडवे आमच्या मंडळ्यांच्या इतिहासात गायिले जातात; त्यातील ही मेख मात्र सांगितली जात नाही. सतराशे वर्षे लोटली, तरी शेतमजूर त्या अपवादातच अडकून पडला आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात असा अपवाद कोठे आहे, हे कोणी आम्हांस दाखवून द्यावे. उलट निर्गमाच्या पुस्तकात नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा पाळण्याविषयी स्पष्ट आज्ञा आहे. चौथ्या आज्ञेत घरधन्याबरोबर दास, दासी, जनावर आणि वेशीच्या आतील परका या सर्वांचा उल्लेख आहे. अनुवादाच्या पुस्तकात तर या आज्ञेचे कारणही सांगितले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. म्हणजे शब्बाथ हा मुळात विटा थापणाऱ्यांना मिळालेला दिलासा होय. तो मंदिरातील आसनांवर बसणाऱ्यांचा मान झाला, हा पुढचा इतिहास. आमोस संदेष्ट्याने ज्यांच्यावर कोरडा ओढला, ते व्यापारी शब्बाथ मोडीत नव्हते. तो पाळून, कधी एकदा संपतो व खोट्या मापाने धान्य विकतो, याची वाट पाहत होते. आजच्या आमच्या समाजात या वर्णनात न बसणारे किती निघतील?

आता मराठी मुलखाकडे वळू. येथील कामकरी माणसाला रविवार मिळवून दिला तो कोणी? इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, साहेब चर्चला जात, आणि मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे त्याही दिवशी वाजत. गिरणीकामगाराच्या रविवारसाठी झगडले ते जोतीराव फुल्यांचे अनुयायी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. 1884 साली त्यांनी गिरणीकामगारांची संघटना उभारली. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा भरविली, आणि तीत कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीचे एक कारण होते असे सांगतात. ज्या रविवारी आम्ही उपासनेस जातो, तो महाराष्ट्रातील श्रमिकाच्या पदरात एका सत्यशोधकाने टाकलेला आहे. आमच्या व्यासपीठांवरून लोखंड्यांचे नाव वर्षातून एकदा तरी कृतज्ञतेने घेतले जावे, अशी आमची फार इच्छा आहे. अद्याप ते आमच्या कानी आलेले नाही.

आमच्या या म्हणण्यावर कोणते आक्षेप येतील हे आम्ही जाणून आहो. पहिला आक्षेप असा की, ऊस थांबत नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्याचा उतारा घटतो. हे खरे आहे. परंतु गाळपाच्या हंगामात कारखानाही रात्रंदिवस चालतो, आणि तरी पाळ्या लावून त्याच्या कामगारांना आळीपाळीने सुटी देता येतेच. यंत्र न थांबविता माणसाला थांबविण्याची जी युक्ती आत साधते, ती बाहेर न साधण्याचे कारण एकच: बाहेरच्या माणसाचा हिशेब टनात होतो.

दुसरा आक्षेप असा की, सुटी खुद्द मजुरालाच नको आहे. अर्थातच नको असणार. बिनपगारी विसावा म्हणजे उपवास, आणि उचल फिटल्यावाचून घर दिसत नाही. याचे उत्तरही शास्त्रातच आहे. रानात इस्राएल लोकांना रोज मान्ना मिळे; सहाव्या दिवशी तो दुप्पट मिळे, म्हणून सातव्या दिवशी विसावा घेणे शक्य झाले. देवाने आज्ञा दिली आणि तिचा खर्चही स्वतः सोसला. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ मान्य झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या सर्व बोलाचालीत दरावर जेवढा खल झाला, त्याच्या शतांशानेही भरपगारी विसाव्याचा विषय निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच लोकांकडून येतो: हे राजकारण झाले, आणि मंडळीने राजकारणात पडू नये. सुटीसाठी मंत्र्यांना निवेदने देणे हे राजकारण नव्हते काय? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माच्या आधारे मर्यादित केल्या. 1956 साली शिखांना व 1990 साली बौद्धांना त्यांत घेतले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्या अन्यायाविरुद्ध आम्ही गेली कित्येक दशके दाद मागत आहो, आणि ती रास्तच आहे. बाप्तिस्मा घेतल्याने माणसाचे दैन्य संपत नाही, असे आम्ही सरकारला सांगतो. मग बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाचे दैन्य आमच्या चिंतेबाहेरचे कसे ठरते? ज्या राजकारणात आपला लाभ ते कर्तव्य, आणि ज्यात दुसऱ्याचा लाभ ते निषिद्ध, हा न्याय कोणत्या शुभवर्तमानातला?

मराठवाड्यातील मंडळीची पायाभरणी ज्यांनी केली, त्यांना हा भेद ठाऊक नव्हता. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे जालन्यानजीक, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून, त्यांनी बेथेल हे गाव वसविले, आणि तेथे प्रामुख्याने मांग कुटुंबांना हक्काची वस्ती दिली. औरंगाबादेत पारशी समाजातून आलेले रतनजी नौरोजी यांनीही आपले आयुष्य अशाच तळातल्या लोकांत वेचले. आज आम्ही त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढीतील सुशिक्षित माणसे आहो. बँकेत, शाळेत, इस्पितळात, कचेरीत आहो. आमचे आजोबा ज्या रानातून उठले, त्या रानाकडे पाठ करून बसणे हे केवळ विस्मरण नाही, ती कृतघ्नता आहे.

शेवटी करावयाचे काय, असे कोणी प्रामाणिकपणे विचारील तर आमचे सांगणे थोडक्यात असे. ऊसतोडणीच्या दरांचा करार पुन्हा जेव्हा होईल, तेव्हा आठवड्याचा एक दिवस भरपगारी विसावा आणि खाड्याच्या दंडाची समाप्ती, या दोन मागण्यांना मंडळ्यांनी उघड पाठिंबा द्यावा. मालाच्या वाहनावर माणसे बसविली जाऊ नयेत, यासाठी गावोगावच्या मंडळ्यांनी आपल्या आमदारांना गाठावे. सुटीसाठी जितके पत्रांचे कागद खर्ची पडतात, त्यांच्या निम्मे जरी येथे पडले तरी पुष्कळ होईल. मिशनची वसतिगृहे जेथे आहेत, तेथे हंगामापुरती का होईना, फडावर जाणाऱ्यांच्या मुलांसाठी, धर्म न विचारता, जागा राखावी. आणि हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी वेदीपुढे ऊस उभा करतो, तेव्हा तो कोणी तोडला याचाही प्रार्थनेत उच्चार व्हावा.

नाताळात आमच्या घरोघर करंज्या, शंकरपाळी आणि केक होतात. नेमक्या त्याच दिवसांत फड भर जोरात असतात, आणि त्या पक्वान्नांतील साखरेच्या कण्याकण्यात कोणाचा तरी मोडलेला रविवार असतो. ज्यांनी शेत कापले त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. ती देवाच्या कानी जाते यात आम्हांस संशय नाही. प्रश्न आमच्या कानांचा आहे. कॅलेंडरातील तांबड्या तारखा राखण्यासाठी आम्ही अवश्य भांडू; परंतु त्या तारखेला फडावरच्या माणसाची पाठ टेकली नाही, तर ती आमच्या धर्माची तारीख नसून आमच्या सोयीची तारीख आहे, एवढे तरी आपण स्वतःशी कबूल करावे.