नाळेतलं रक्त आणि डॉक्टरांचा शब्द

प्रति,
मा. अध्यक्ष व पदाधिकारी,
फेडरेशन ऑफ ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल सोसायटीज ऑफ इंडिया (फॉग्सी), मुंबई

शहरांतल्या बऱ्याच घरांत हल्ली डोहाळजेवणाची तारीख ठरण्याआधीच स्टेम सेल बँकेच्या प्रतिनिधीचा फोन येऊन गेलेला असतो. माझ्या सुनेलाही आला होता. बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवा, उद्या काही झालंच तर तेच कामी येईल, असं सांगतात. पॅकेज हजारो रुपयांचं, सोबत हप्त्यांची सोय. नाही म्हणणारे आईबाप स्वतःच्याच नजरेत कंजूष ठरतात. मग ते तुमच्या सदस्यांना विचारतात, "डॉक्टर, करावं का?"

नाळेतल्या रक्ताचं मोल मी नाकारत नाही. १९८८ साली पॅरिसमध्ये एल्यान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या एका मुलावर या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं आणि तो वाचला. पण ते रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, नुकत्याच जन्मलेल्या बहिणीचं होतं. थॅलेसेमियासारखा दोष जनुकांतच असेल तर तो बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असतो. त्याच पेशी परत देऊन आजार कसा जाईल? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे की, पुढे स्वतःला उपयोग व्हावा म्हणून हे रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. अशा प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार थोरल्या भावंडाला असेल, तर गोष्ट वेगळी.

कायदा इथे फारसा कामाचा नाही. अवयवांचा बाजार रोखणाऱ्या १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीने ऊती आल्या, पण ऊतींच्या व्याख्येतून रक्त वगळलेलं आहे. शिवाय इथे आईबाप काही विकत नाहीत. आपल्याच बाळाचं रक्त पैसे मोजून ठेवायला देतात. बाजार मांडला जातो तो त्यांच्या धास्तीचा, आणि त्यावर डॉक्टरांच्या शब्दाची मोहोर उमटते. सार्वजनिक बँकेत दान केलेलं रक्त जुळणाऱ्या कुणाही रुग्णाच्या कामी येऊ शकतं. खासगी कुपीतलं रक्त मात्र बहुधा कुणाच्याच कामी येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रसूतिगृहातच घडते. जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्या वेळात बाळाला रक्त आणि लोह मिळतं. जितकं थांबाल तितकं बँकेच्या पिशवीत रक्त कमी येणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. अशा राज्यात पिशवी भरण्याची घाई बाळाच्याच जिवावर होते.

म्हणून तीन मागण्या. करारावर सही होण्याआधी परिषदेचं वरील मत आईबापांच्या हाती मराठीत, छापील स्वरूपात द्यावं. रक्त गोळा करायचं असो वा नसो, नाळ बांधण्याची वेळ त्यासाठी अलीकडे आणू नये आणि तिची नोंद प्रसूतीच्या कागदांत व्हावी. बँकेकडून डॉक्टरला वा रुग्णालयाला कोणत्याही नावाखाली पैसे मिळत असतील, तर ते थांबवावेत. तोवर निदान रुग्णाला कळवावेत.

"याची गरज नाही" असं सांगणारे डॉक्टर आजही आहेत. पण त्यांचा शब्द आज प्रत्येकाच्या खोलीपुरता राहतो, बँकेची जाहिरात मात्र घरोघरी पोचते. संघटनेने हेच जाहीरपणे आणि लेखी सांगितलं, तर त्या डॉक्टरांना एकट्याने किल्ला लढवावा लागणार नाही. आपलं उत्तरही जाहीर असावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक आजी, पुणे