बझर वाजला, पण पाणी आलं नव्हतं

वाङ्मय मंडळाच्या अंकात वायरी आणि बझर कशाला, असं मंडळातल्या एका मैत्रिणीनं मला विचारलंच. तिचं काही चुकलं नाही. आजवर मी या अंकाला कविता दिल्या (त्या फारशा कुणी वाचल्या नाहीत, तेही मला ठाऊक आहे). पण या वेळी जे सांगायचंय ते कवितेत बसत नाही. आपल्याकडे मायक्रोकंट्रोलर शिकतो म्हणणारी पुष्कळ मुलं तो शिकत नाहीत, विकत आणतात. हे मी लांबून बघून म्हणत नाही. मी स्वतः आणला होता.

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून 'स्मार्ट डस्टबिन' दाखवला. हात जवळ नेला की झाकण उघडतं, तो. बोर्ड, सेन्सर, मोटर, आत घातलेला प्रोग्रॅम आणि बाइंडिंग केलेला रिपोर्ट, सगळं एका दुकानात तयार मिळालं. आम्ही फक्त नावं घातली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी कोड वरून खालपर्यंत बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "इथं ५८ नं का भागलंय?" आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी आमच्यातला एकजण म्हणाला, "सर, तो फॉर्म्युला आहे." सर हसले आणि पुढच्या ग्रुपकडे गेले. मार्क चांगले पडले, आणि तेच मला जास्त लागलं.

उत्तर अवघड नव्हतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एक सेंटिमीटर जायला त्याला २९ मायक्रोसेकंद लागतात. सेन्सरनं सोडलेला आवाज वस्तूवर आपटून परत येतो, म्हणून दुप्पट, ५८. शाळेतलं गणित आहे हो. पण ते त्या ओळीत दडलेलं आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं, कारण ती ओळ आम्ही वाचलीच नव्हती. कवितेतला शब्द अडला तर आपण मंडळात अर्धा तास वाद घालतो. कोडमधला आकडा अडला तर मात्र 'फॉर्म्युला' म्हणून पुढं जातो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. वॉशिंग मशीनमध्ये असतो, मायक्रोवेव्हमध्ये असतो. माझ्याकडे आहे तो आर्डुइनो ऊनो नावाच्या बोर्डावर बसतो. प्रोग्रॅमसाठी त्यात ३२ किलोबाइट जागा आहे आणि चालू कामासाठी २ किलोबाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, त्यामुळे या लेखाचा पहिला परिच्छेदच त्या २ किलोबाइटमधली जवळपास निम्मी जागा खाईल. एवढ्या अरुंद जागेत काम करायचं, हीच त्यातली मजा आहे.

आता घरची गोष्ट. आम्ही शहापूरला राहतो. बेळगावच्या काही भागांत चोवीस तास पाणी असतं, आमच्या गल्लीत नसतं. चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल त्याला वेळ नाही. पहाटे तीनलाही येतं. आई नळ उघडा ठेवून खाली बादली लावते आणि झोपेतही कान तिकडं ठेवते. शेजारच्या अक्का "नीरु बंतू!" म्हणून ओरडल्या की सगळी गल्ली उठते. मला वाटलं, पाणी आलं की बझर वाजायला काय हरकत आहे? बादलीत दोन तारा सोडायच्या, पाणी चढलं की त्यांच्यातून थोडा करंट जाणार, बोर्डाला ते कळणार. आतेभावानं पुण्याहून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सामान आणून दिलं. नकली बोर्ड तीनेकशे रुपयांचा. पहिले दोन दिवस कंप्युटरला बोर्ड दिसेचना. मी ड्रायव्हर तीनदा टाकला. शेवटी कळलं की माझी केबल नुसती चार्जिंगची होती, डेटाच्या तारा तिच्यात नव्हत्याच.

पहिल्या रात्री अडीच वाजता बझर वाजला. आई उठली, मी उठले, बाबांनी टाकीचं झाकण काढलं. नळाला पाण्याचा थेंब नाही. अक्काही दार उघडून बाहेर आल्या. नंतर आठवडाभर मला बघितलं की त्या हसायच्या.

झालं होतं असं. पिनला जोडलेली तार कोरड्या हवेत लोंबकळत होती. कशालाच न जोडलेली पिन शून्य दाखवत नाही. ती आजूबाजूच्या विजेच्या वायरींचा परिणाम पकडते आणि मनाला येईल ते आकडे देते. मी स्क्रीनवर आकडे बघितले तर २७०, ५१२, ३३८, असं काहीही. त्या पिनपासून ग्राउंडला दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडला आणि आकडे शून्याला येऊन बसले. पाण्यात बुडवल्यावर चारशेच्या वर. हे पुस्तकात आहे, आम्हाला शिकवलंही होतं, मी रेकॉर्ड बुकात लिहून सहीसुद्धा घेतली होती. पण 'पुल-डाउन' म्हणजे काय ते मला त्या रात्री अडीचला समजलं, आईचा चेहरा बघून.

दुसरी चूक जास्त गमतीची. बझर एक मिनिट वाजून थांबावा असं मी लिहिलं होतं. तो थांबेचना. प्रोग्रॅम वीस वेळा वाचला, बरोबर दिसत होता. शेवटी सापडलं. गेलेला वेळ मी 'इंट' प्रकारच्या चलात ठेवला होता. या बोर्डावर इंटमध्ये ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही आणि एक मिनिट म्हणजे ६०,००० मिलिसेकंद. म्हणजे मी वाट बघत होते अशा आकड्याची, जो त्या डब्यात कधी येऊच शकत नव्हता. या एका शोधासाठी माझा सगळा रविवार गेला. त्या रविवारी मी जेवढं शिकले तेवढं अख्ख्या सेमिस्टरला शिकले नाही, असं म्हणताना मी वाढवून सांगत नाहीये.

आमचे काका पॉवरलूमवर काम करतात. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "हे आमच्या मागात पण हाय की." मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. एक छोटा काटा असतो, दर फेऱ्याला धागा त्याला ढकलतो. धागा नसला की काटा जागचा हलत नाही आणि माग बंद पडतो. ना चिप, ना प्रोग्रॅम. मग त्यांनी विचारलं, "तुझी तारच तुटली तर तुला कळतंय काय?" मी म्हटलं, "कशाला तुटेल, काका?"

महिन्याभरानं एका पहाटे पाणी आलं आणि बझर वाजला नाही. आई निवांत झोपली होती, कारण मीच तिला सांगितलं होतं की आता झोप. अक्कांना वाटलं, यांच्याकडे यंत्र आहे, उठलेच असतील. सकाळी टाकी रिकामी. पुढचे चार दिवस आम्ही शेजारून पाणी आणलं. आई मला काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिनं परत मोबाइलला तीनचा गजर लावायला सुरुवात केली.

तारा काढून बघितल्या तर एक हिरवी पडून झिजली होती आणि टोकाला तुटली होती. पाण्यातल्या तांब्याच्या तारेत सतत करंट सोडला की प्लसची तार विरघळत जाते. केमिस्ट्रीत इलेक्ट्रोलिसिस म्हणून आपण हे शिकलो, पाच मार्कांना. आणि काकांचं बरोबर होतं. माझ्या यंत्राला तुटलेली तार आणि कोरडी बादली सारखीच दिसत होती. मागाला तुटलेला धागा ओळखता येतो, माझ्या 'स्मार्ट' वस्तूला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला, हल्ली एआयला सांगितलं की दहा सेकंदांत कोड मिळतो. मिळतो. मीही घेते आणि त्यात मला पाप वाटत नाही. पण तुमच्या बादलीतली तार हिरवी पडलीय हे त्याला दिसत नाही. त्याला काय विचारायचं हे कळायलाही आधी आपल्याला बिघाड ओळखता यावा लागतो. दुकानातला प्रोजेक्ट आणि एआयचा कोड, दोन्हींचा धोका मला सारखाच वाटतो: ते पहिल्या फटक्यात चालतात. जे चालतं ते आपण उघडून बघत नाही.

काहीजण दोष अभ्यासक्रमाला देतात. इंटेलची ८०५१ चिप १९८० ची, ती अजून कशाला शिकवता, असं म्हणतात. मला ते पटत नाही. तिच्यात जेमतेम १२८ बाइट रॅम, त्यामुळे एकेक बाइट कुठं गेला ते दिसतं. शिकायला यापेक्षा चांगलं काय? घोळ जुन्या चिपचा नाही. प्रोग्रॅम फळ्यावरून वहीत, वहीतून किटमध्ये आणि किटवर आलेलं उत्तर परत वहीत, हा जो प्रवास आहे, घोळ त्यात आहे. चुकलेलं उत्तर वहीत लिहायला जागाच नसते.

आता कला शाखेच्या मित्रांना. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी एका डिझाइनच्या संस्थेत तयार झालं. त्याच्या आधी, २००३ मध्ये, तिथल्याच एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्यानं प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाचं काम केलं होतं, त्यावर ते उभं आहे. नाव तिथल्या एका बारवरून पडलं आणि बारचं नाव एका जुन्या राजावरून. सांगायचं कारण, ते इंजिनिअरांसाठी केलेलंच नव्हतं, डिझाइन शिकणाऱ्या मुलांना वापरता यावं म्हणून केलं होतं. तेव्हा 'आम्ही आर्ट्सवाले' हे कारण इथं चालणार नाही. तुमच्या घरी अडलेलं एखादं छोटं काम असेलच. ते नसेल तर मात्र बोर्ड घेऊ नका. एलईडी लुकलुकवून तो कपाटात जाईल.

विभागाला आणि मंडळाला माझं एक मागणं आहे. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करा: काय बिघडलं, कसं सापडलं. मराठी, कन्नड, कोकणी, ज्याला जी भाषा येते तीत हातानं लिहिलेलं. हे पान दुकानात मिळणार नाही. न चाललेल्या प्रोजेक्टलाही त्या पानावर मार्क द्या. आणि त्यातली बरी पानं मंडळानं या अंकात छापावीत. मराठीत असं लेखन फार थोडं आहे. मॅन्युअल शेकडो पानांचं आणि इंग्रजीत, व्हिडिओ भराभर पुढं जाणारे, आणि पहिल्या वर्षाला मराठी माध्यमातून आलेला मुलगा 'फ्लोटिंग पिन' ऐकून काहीतरी तरंगतंय असं समजतो. (मी समजले होते.) त्याला कुणीतरी लोंबकळत्या तारेची गोष्ट सांगायला हवी.

सध्या माझ्या बादलीत तांब्याच्या तारांऐवजी स्टीलच्या दोन जुन्या चमच्यांचे दांडे आहेत. बोर्ड त्यांना दर पाच सेकंदांनी क्षणभरच करंट देतो, बाकी वेळ बंद. आणि रोज रात्री जेवणं झाली की मी ते दांडे तांब्याभर पाण्यात बुडवून बघते, बझर वाजतो की नाही ते. काकांच्या प्रश्नावर सध्या एवढंच उत्तर आहे माझ्याकडे. परवा दोनदा बरोबर वाजला. आई आता मला विचारते, "चमचे बुडवून बघितलीस काय गं?" आणि मग तीनचा गजर लावून झोपते.